कम्युनिस्ट देशात एवढा बाजार कसा? सायगॉनला जाण्याआधी समजून घ्या

सध्या ज्याला बघावं तो व्हिएतनामला निघालाय. २०२४ मध्ये भारतातून पाच लाखांच्या आसपास माणसं तिकडे जाऊन आली, मुंबईहून थेट विमान आहे, ई-व्हिसा घरबसल्या मिळतो, आणि बाली-थायलंड करून झालेल्यांना काहीतरी नवीन हवंच असतं. त्यामुळे फॅमिली ग्रुपवर अधूनमधून कोणाचा ना कोणाचा त्या लाल विटांच्या चर्चसमोरचा फोटो येतो, आणि फोटोखाली कुठल्यातरी काकांचा प्रश्नही येतो: "अरे हा देश कम्युनिस्ट ना? मग एवढे मॉल, एवढे ब्रँड, मध्यरात्री उघडी दुकानं, हे कसं काय?"

काकांना हसण्यावारी नेऊ नका, प्रश्न एकदम रास्त आहे. हो ची मिन्ह सिटी, म्हणजेच जुनं सायगॉन, बघून आलेल्या बहुतेकांना याचं उत्तर देता येत नाही, कारण टूरचा गाइड प्रत्येक जागेचं साल सांगतो, फोटोला वीस मिनिटं देतो आणि बस पुढे निघते. खरं तर उत्तर त्याच जागांमध्ये आहे. फक्त त्या कोणी बांधल्या, कोणाच्या पैशातून बांधल्या आणि नंतर कोणाच्या ताब्यात गेल्या, एवढं क्रमाने बघायला लागतं.

आधी नावाचा घोळ मिटवू

शहराचं नाव सायगॉन. १९७५ मध्ये युद्ध संपलं, उत्तरेचं कम्युनिस्ट सरकार जिंकलं, आणि २ जुलै १९७६ ला शहराला त्यांच्या दिवंगत नेत्याचं, हो ची मिन्ह यांचं नाव अधिकृतपणे दिलं गेलं. लोक बोलताना अजून बिनधास्त सायगॉनच म्हणतात, रेल्वे स्टेशनही सायगॉनच आहे, आणि तुमच्या बॅगेला विमानतळावर जो टॅग लागतो त्यावरचा कोड पण एसजीएन. यात काही बंडखोरी वगैरे नाही, रोजच्या तोंडचं नाव एवढंच.

घोळ वाढलाय तो २०२५ मध्ये. १ जुलै २०२५ पासून व्हिएतनामने ६३ प्रांत-शहरांची संख्या ३४ वर आणली, त्यात शेजारचे बिन्ह डुओंग आणि बा रिया-वुंग ताउ हे दोन प्रांत हो ची मिन्ह सिटीत आले, लोकसंख्या १ कोटी ४० लाखांच्या घरात गेली, आणि मधला डिस्ट्रिक्ट हा थरच काढून टाकला. आता थेट शहर आणि खाली वॉर्ड. म्हणजे नेटवर जिथे तिथे लिहिलंय की "डिस्ट्रिक्ट १ मध्ये हॉटेल घ्या", तो डिस्ट्रिक्ट १ कागदावर उरलाच नाही. हॉटेलवाले, टॅक्सीवाले अजून तेच म्हणतात त्यामुळे तुमचं काही अडत नाही, पण बुकिंगवर पत्ता वेगळा दिसला तर फसवणूक झाली म्हणून घाबरू नका. गंमत म्हणजे शहराच्या मध्यभागातल्या एका वॉर्डला आता अधिकृत नाव मिळालंय, सायगॉन.

इमारती फ्रेंचांच्या, पैसा कोणाचा?

१८५९ मध्ये फ्रेंचांनी सायगॉन घेतलं. आज ज्या भागात सगळे टुरिस्ट फिरतात तो जवळपास पूर्ण त्यांनी आखलेला. नोत्र दाम कॅथेड्रल १८७७ ते १८८० मध्ये बांधलं, त्यासाठी विटा थेट फ्रान्सहून जहाजाने आणल्या, दोन टोकदार मनोरे १८९५ मध्ये चढवले. २०१७ पासून त्याची दुरुस्ती चालू आहे आणि ती लांबतच चाललीय, त्यामुळे परांच्यांसकट फोटो मिळेल अशी तयारी ठेवूनच जा.

बाजूलाच सेंट्रल पोस्ट ऑफिस आहे, १८८६ ते १८९१ मधलं. गाइड सांगेल की हे आयफेल टॉवरवाल्या आयफेलने बांधलं. नाही बांधलं. आर्किटेक्ट होते आल्फ्रेड फुलू, पण आयफेलचं नाव घेतलं की मान वर करून छत बघितलं जातं म्हणून ती गोष्ट चालूच राहते. आत शिरल्यावर दोन्ही बाजूंच्या भिंतींवर फ्रेंच काळातले दोन मोठे रंगवलेले नकाशे आहेत, एक सायगॉन आणि आजूबाजूचा, दुसरा तारायंत्राच्या लाइनींचा, कंबोडियापर्यंत गेलेल्या. त्यांच्या खाली लाकडी टेलिफोन बूथ. आणि समोर, हॉलच्या टोकाला, सगळ्यांत उंचावर हो ची मिन्ह यांचा भलामोठा फोटो. फ्रेंच छत, फ्रेंचांचे नकाशे, आणि फ्रेंचांना हाकलणारा माणूस एकाच हॉलमध्ये. खाली काउंटरवर लोक आपापली पार्सलं पाठवतायत, मधोमध फ्रिज मॅग्नेटची दुकानं थाटलेली आहेत.

आता मुद्दा पैशाचा. एवढं सगळं उभं करायला पैसा कुठून आला? फ्रेंच सरकारने तीन गोष्टींचा मक्ता स्वतःकडे ठेवला होता, मीठ, दारू आणि अफू. ऑपेरा हाउसच्या मागच्या बाजूला ७४, हाय बा चुंग रस्ता हा पत्ता शोधा, तिथे सरकारी अफूचा कारखाना होता. कमानीवर आजही अफूची बोंडं कोरलेली दिसतात, आत आता रेस्टॉरंट आहेत. या सरकारी धंद्यात आपल्या बनारसकडची अफूही यायची, म्हणजे इंग्रज तिकडून पिकवून विकणार आणि फ्रेंच इकडे शिजवून विकणार. टूरमध्ये हा पत्ता सहसा नसतो. माझ्या मते कॅथेड्रलपेक्षा जास्त सांगणारी जागा आहे ती.

दुसरा पैसा तांदळाचा. मेकाँग नदीच्या सुपीक खोऱ्यातला तांदूळ सायगॉनच्या बंदरातून जगभर जायचा. खरेदी आणि गिरण्या बऱ्यापैकी चोलोन भागातल्या चिनी व्यापाऱ्यांच्या हातात, आणि कर्ज द्यायला तमिळ चेट्टियार सावकार. बेन थान्ह मार्केटपासून चालत अंतरावर मरिअम्मनचं देऊळ आहे ते त्याच तमिळ मंडळींचं, आणि डोंग झू रस्त्यावरची हिरवट-पांढरी मशीद १९३५ मध्ये दक्षिण भारतीय मुसलमानांनी बांधलेली. सांगायचं एवढंच की या शहराचा पिंड पहिल्यापासून व्यापाऱ्याचा आहे, कम्युनिस्ट फार नंतर आले.

एका देशाच्या दोन राजधान्या कशा झाल्या?

हा भाग भराभर सांगतो, कारण याशिवाय पुढचं कळणार नाही. १९४५ मध्ये हो ची मिन्ह यांनी हनोईत स्वातंत्र्य जाहीर केलं, फ्रेंच परत आले, युद्ध झालं, १९५४ मध्ये दिएन बिएन फू इथे फ्रेंच सपाटून हरले. मग जिनिव्हात करार झाला की १७ व्या अक्षांशावर देश तात्पुरता विभागायचा, उत्तर कम्युनिस्टांकडे, दक्षिण त्यांच्या विरोधकांकडे, आणि १९५६ मध्ये निवडणूक घेऊन एक करायचा. यावर देखरेख करणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाचं अध्यक्षपद भारताकडे होतं, सोबत कॅनडा आणि पोलंड. निवडणूक झालीच नाही. निवडणूक झाली तर हो ची मिन्ह जिंकतील ही धास्ती दक्षिणेच्या सरकारलाही होती आणि अमेरिकेलाही. तात्पुरती रेघ कायमची होऊन बसली, आणि सायगॉन दक्षिण व्हिएतनामची राजधानी. मग उत्तर-दक्षिण युद्ध पेटलं आणि अमेरिका दक्षिणेच्या बाजूने त्यात उतरली.

या सगळ्या काळाची एकच जागा बघायची असेल तर इंडिपेन्डन्स पॅलेस बघा, ज्याला आता रीयुनिफिकेशन पॅलेसही म्हणतात. आधी तिथे फ्रेंच गव्हर्नरचा राजवाडा होता. १९६२ च्या फेब्रुवारीत दक्षिणेच्याच हवाई दलातल्या दोन पायलटांनी आपल्याच राष्ट्राध्यक्षावर, न्गो दिन्ह झिएम यांच्यावर, बॉम्ब टाकले. झिएम वाचले, राजवाड्याची एक बाजू गेली. त्यांनी जुना पाडून नवा बांधायला घेतला, आर्किटेक्ट न्गो व्हिएत थू, पण १९६६ मध्ये तो पूर्ण होईपर्यंत झिएम नव्हते, १९६३ च्या नोव्हेंबरात त्यांच्याच सेनापतींनी त्यांना उलथवलं आणि मारलं.

इमारत सिक्स्टीजच्या हिंदी सिनेमातल्या श्रीमंत बापाच्या बंगल्याची आठवण करून देते. वर पत्ते-माजाँग खेळायची खोली, बार, खासगी थिएटर. आणि मग जिना उतरून तळघरात गेलात की एकदम जाड भिंती, अरुंद बोळ, भिंतभर लष्करी नकाशे, लोखंडी टेबलांवर जुने टेलिफोन आणि वायरलेसचे खोके. वरची मजा आणि खालची भीती यांत एका जिन्याचं अंतर. बाहेर हिरवळीवर दोन रणगाडे उभे आहेत, ३९० आणि ८४३ नंबरचे. ३० एप्रिल १९७५ ला सकाळी याच नंबरचे रणगाडे या फाटकाशी आले, ८४३ बाजूच्या फाटकात अडकला आणि ३९० मुख्य फाटक तोडून आत घुसला. हिरवळीवरचे तसेच दिसणारे दुसरे आहेत, अस्सल हनोईत ठेवलेत. राष्ट्राध्यक्ष डुओंग वान मिन्ह यांना खुर्चीवर बसून जेमतेम दोन दिवस झाले होते, त्यांनी शरणागती दिली आणि युद्ध संपलं.

"पण त्यांनी आपल्या महाराजांचं चरित्र वाचून अमेरिकेला हरवलं ना?"

हा प्रश्न येणारच, कारण तो फॉरवर्ड प्रत्येक मराठी माणसाला आलेला असतो. व्हिएतनामचे नेते म्हणाले की आम्ही शिवाजी महाराजांकडून शिकलो, कोणी मंत्री रायगडावर येऊन माती घेऊन गेले वगैरे. याला आजवर कोणी ठोस पुरावा दाखवलेला नाही, आणि प्रत्येक फॉरवर्डमध्ये माणूस वेगळा, साल वेगळं असतं. महाराजांच्या मोठेपणाला अशा आधाराची गरज पण नाही.

शिवाय गनिमी काव्याची त्यांची परंपरा त्यांच्या रस्त्यांवर पाट्या लावून उभी आहे. नदीकाठच्या चौकात चान हुंग दाव या सेनापतींचा पुतळा आहे. १२८८ मध्ये त्यांनी बाख डांग नदीत टोकदार लाकडी खांब रोवले, भरतीला मंगोलांची जहाजं आत येऊ दिली आणि ओहोटीला ती खांबांवर अडकवून मारली. शेजारच्या धक्क्याला त्याच लढाईचं नाव आहे, वॉटरबस तिथूनच सुटते. ज्या न्गुयेन ह्वे वॉकिंग स्ट्रीटवर संध्याकाळी सगळं शहर फिरायला येतं, ते न्गुयेन ह्वे म्हणजे १७८९ मध्ये ऐन टेटच्या दिवसांत, म्हणजे त्यांच्या नववर्षाच्या सणात, बेसावध चिनी फौजेवर तुटून पडलेले राजे. आणि १९६८ मध्ये कम्युनिस्टांनी सायगॉनसकट शंभरावर शहरांवर एकदम हल्ला केला तोही टेटलाच. घरातच एवढा दारूगोळा असताना बाहेरून उसना घ्यायची त्यांना काय गरज.

कू ची बोगदे याच गोष्टीचा पुढचा भाग. शहरापासून साधारण ६०-७० किलोमीटर, फ्रेंचांविरुद्धच्या लढाईपासून खणायला सुरुवात, वाढत वाढत २०० किलोमीटरच्या वर जाळं. आत स्वयंपाकघरं, दवाखाने, धूर लांबून बाहेर काढायची सोय. टुरिस्टसाठी बोगद्याचा तुकडा रुंद केलाय, तरी आपला मध्यमवयीन देह वाकून चालताना रडकुंडीला येतो. तिथे गोळीमागे पैसे घेऊन खरी रायफल चालवू देतात, आणि बोगद्यात माणसं कशी मेली हे ऐकताना मागून तो ठो-ठो आवाज येत राहतो, मला तरी हा प्रकार बरा वाटत नाही.

म्युझियम एकतर्फी आहे, खरं ना?

वॉर रेमनंट्स म्युझियमबद्दल हा आक्षेप नेहमी असतो. तर हो, जिंकलेल्या बाजूचं म्युझियम आहे, हे डोक्यात ठेवूनच आत जायचं. १९७५ च्या सप्टेंबरात ते उघडलं तेव्हा नावातच 'अमेरिका आणि तिच्या बाहुल्या सरकारचे गुन्हे' असं होतं. १९९० मध्ये अमेरिकेचा उल्लेख काढून नुसतं युद्ध आणि आक्रमणाच्या गुन्ह्यांचं प्रदर्शन झालं. १९९५ मध्ये अमेरिकेशी राजनैतिक संबंध सुरू झाले आणि त्याच वर्षी सध्याचं सौम्य नाव आलं, युद्धाचे अवशेष. धोरण जसं बदललं तशी पाटी बदलत गेली.

पण एकतर्फी म्हणजे खोटं नव्हे. अमेरिकन विमानांनी १९६१ ते १९७१ मध्ये सात कोटी लिटरच्या वर झाडं मारणारी रसायनं फवारली, त्यातलं सगळ्यात कुप्रसिद्ध एजंट ऑरेंज, आणि त्याच्या परिणामांची दालनं बघताना बडबडे ग्रुपसुद्धा गप्प होतात. लहान मुलं सोबत असतील तर त्या मजल्याचा आधी विचार करा. युद्धात मेलेल्या दोन्ही बाजूंच्या फोटोग्राफरांनी काढलेल्या फोटोंचं दालन मात्र चुकवू नका.

जे तिथे सापडत नाही ते म्हणजे १९७५ नंतरचं. दक्षिणेच्या सरकारात, सैन्यात असलेल्यांना 'पुनर्शिक्षण' छावण्यांत टाकलं, काहींना वर्षानुवर्षं. पुढच्या वीस वर्षांत सुमारे आठ लाख माणसं होड्यांतून देश सोडून दुसऱ्या किनाऱ्यांना लागली, आणि समुद्रात किती गेली त्याचा नीट हिशोबच नाही.

युद्ध जिंकले, पण ताटात तांदूळ नाही

आता काकांच्या प्रश्नाचं खरं उत्तर. जिंकल्यावर सरकारने दक्षिणेत पण उत्तरेचीच पद्धत लावली. पद्धत अशी की शेती सामुदायिक, कारखाने सरकारी, मालाचा भाव सरकार ठरवणार आणि लोकांना रेशनच्या कुपनावर मिळणार. १९७८ च्या मार्चमध्ये खासगी व्यापारच बंद केला, चोलोनमधल्या दुकानांवर, गोदामांवर धाडी पडल्या, माल जप्त झाला. परिणाम काय, तर मेकाँगचं भाताचं कोठार शेजारी असताना सायगॉनमध्ये भाताची टंचाई, भातात ज्वारीसारखं भरड धान्य मिसळून खायची पाळी. कारण सोपं होतं, सरकार जो भाव देत होतं त्यात शेतकऱ्याचा खर्चही निघत नव्हता, मग तो सरकारला विकेल कशाला? अमेरिकेची आर्थिक नाकेबंदी होती, कंबोडियात युद्ध चालू होतं हे खरंच, पण शेतकरी भात देत नव्हता तो भावामुळे.

इथे या शहराचा पिंड कामाला आला. शहरातल्या पक्षाचे प्रमुख होते वो वान किएत, पक्के कम्युनिस्ट, जंगलात राहून लढलेले. त्यांनी शहराच्या धान्य खात्यातल्या बा थी नावाच्या बाईंना गुपचूप मोकळीक दिली की खोऱ्यात जा आणि शेतकऱ्याकडून बाजारभावाने तांदूळ घेऊन या. बाजारभाव म्हणजे सरकारी भावाच्या चार-पाच पट, आणि नियमाने हा चक्क गुन्हा. तांदूळ आला. मग कारखान्यांनी पण तेच सुरू केलं, कोटा सरकारला आणि वरचा माल बाजारात. व्हिएतनाममध्ये या काळाला 'कुंपण तोडणं' म्हणतात.

हनोईतल्या नेत्यांनी आधी डोळे वटारले, मग येऊन बघितलं, मग हळूहळू मान्य केलं. १९८६ च्या डिसेंबरात पक्षाच्या अधिवेशनात नवीन धोरण आलं, दोई मोई, म्हणजे खासगी धंद्याला, बाजारभावाला आणि परदेशी गुंतवणुकीला परवानगी, सत्ता मात्र पक्षाकडेच. त्याच अधिवेशनात सरचिटणीस झाले न्गुयेन वान लिन्ह, ते पण सायगॉनच्या पक्षातून आलेले. १९८८ मध्ये शेती पुन्हा कुटुंबांकडे आली, आणि १९८९ मध्ये हा देश तांदूळ निर्यात करायला लागला. एका वर्षात! किएत पुढे पंतप्रधान झाले. चोलोनला जाताना कालव्याकाठच्या ज्या रुंद रस्त्यावरून तुमची टॅक्सी जाते, त्याला त्यांचंच नाव आहे.

म्हणजे बाजार वरून कोणी उदार होऊन दिला नाही, खालून उपाशी शहराने तो परत ओढून आणला आणि पक्षाने नंतर त्यावर शिक्का मारला.

मग आता कम्युनिस्ट का म्हणायचं?

कारण सत्ता. पक्ष एकच, विरोधी पक्षाला जागा नाही, वर्तमानपत्रं सरकारच्या ताब्यात, आणि सरकारविरुद्ध फेसबुकवर लिहिलं म्हणून लोक तुरुंगात जातात. बँकांच्या काचेच्या इमारतींसमोर कोयता-हातोड्याचे लाल झेंडे दिसतात ते शोभेचे नाहीत.

दुसरं कारण जमीन. घटनेनुसार सगळी जमीन जनतेची आणि सरकार तिचं विश्वस्त, तुम्हाला मिळतो तो फक्त वापरायचा हक्क. मग कोट्यवधींचे फ्लॅट कसे विकले जातात? नवी मुंबईत बघा, सिडकोची जमीन वर्षानुवर्षं लीजवर, कागदोपत्री मालक सिडको, म्हणून कोणी फ्लॅट घ्यायचं थांबलं का? हक्क विकता येतो, गहाण ठेवता येतो, पोराच्या नावावर करता येतो, मग रोजच्या जगण्यात मालकीच झाली ती. फरक तेव्हा कळतो जेव्हा प्रकल्पासाठी सरकार जमीन परत मागतं. नदीपलीकडच्या थू थिएम भागात असंच झालं, तिथल्या विस्थापितांचा मोबदल्याचा वाद वर्षानुवर्षं चालला.

२०२५ च्या मे महिन्यात तर पक्षानेच ठराव केला की खासगी क्षेत्र हा अर्थव्यवस्थेचा सगळ्यात महत्त्वाचा आधार आहे. १९७८ मध्ये चोलोनला धाडी घालणारा हाच पक्ष.

याची दुसरी बाजू पण बघायला हवी. बेन थान्ह मार्केट, १९१४ चं, घड्याळाच्या मनोऱ्याचं, तिथे आईसोबत सौंदर्यप्रसाधनं विकण्यापासून सुरुवात केलेल्या चुओंग मी लान पुढे देशातल्या सगळ्यात मोठ्या बिल्डरांपैकी एक झाल्या. २०२४ च्या एप्रिलमध्ये याच शहरातल्या कोर्टाने त्यांना एका बँकेतून अब्जावधी डॉलर लाटल्याबद्दल फाशी सुनावली. पुढच्या वर्षी कायदाच बदलला आणि अपहारासाठीची फाशी रद्द झाली. बाजार मोकळा, पण हिशोब तपासणारी कोर्टं आणि पेपर पक्षाच्या हाताखाली, तर घोटाळा एवढा मोठा होईपर्यंत बाहेर येत नाही, असं माझं मत.

नोटांवर एवढी शून्यं कशाला?

ही पण त्याच काळाची देणगी. १९८५ मध्ये सरकारने चलन, म्हणजे डोंग, बदललं, दहा जुन्या डोंगला एक नवा, पण माल नव्हताच, त्यामुळे भाव नुसते भडकले. १९८६ मध्ये महागाई ७०० टक्क्यांच्या वर गेली. नंतर महागाई आवरली, पण शून्यं काही काढली नाहीत. म्हणून आज रुपयाला ३०० डोंगच्या आसपास मिळतात आणि ५,००,००० ची नोट म्हणजे आपले सोळा-सतराशे रुपये.

सोपा हिशोब: शेवटची तीन शून्यं झाका, उरलेल्याला तीनने गुणा, आणि वर थोडं टाका. पाटीवर '५०के', म्हणजे ५०,०००, असेल तर दीडशे-पावणेदोनशे रुपये. एक सावधगिरी, २०,००० आणि ५,००,००० दोन्ही नोटा निळसर आहेत आणि सगळ्यांवर हो ची मिन्हच आहेत, त्यामुळे अंधाऱ्या टॅक्सीत घाई करू नका, मोठी नोट पाकिटाच्या वेगळ्या कप्प्यात ठेवा. बेन थान्हमध्ये दुकानदार कॅल्क्युलेटरवर आकडा मारून तुमच्या हातात देतो, तुम्ही तुमचा मारून परत द्यायचा. निम्म्याच्या खालून सुरू करा आणि हसत करा, तोंड वाकडं करून तिथे काही स्वस्त मिळत नाही.

रस्ता ओलांडायचा कसा, खायचं काय, दिवस किती?

शहरात सत्तर लाखांच्या वर दुचाकी आहेत, कारण बाजार खुला झाल्यावर लोकांच्या हातात पैसा आला आणि सार्वजनिक वाहतूक मात्र त्या मानाने वाढलीच नाही. पहिली मेट्रो लाइन, बेन थान्ह ते सुओई तिएन, १९.७ किलोमीटर, सुरू झाली २२ डिसेंबर २०२४ ला. रस्ता ओलांडताना पळू नका, मध्येच थांबू नका, आणि मागे तर अजिबात फिरू नका. एकसारख्या संथ चालीने पुढे जात राहा, दुचाकीवाला तुमच्या चालीवरून अंदाज बांधून बाजूने जातो. बस आणि कारला हा नियम लागू नाही, त्यांना जाऊ द्या.

शाकाहारी लोकांनी पाटीवर 'चाय' शोधायचं, तिकडे शाकाहाराला तसं म्हणतात. बरेच बौद्ध लोक चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी शाकाहार करतात त्यामुळे अशी हॉटेलं भरपूर आहेत. साध्या हॉटेलात नुसतं 'नो मीट' म्हणालात तर फिश सॉस येणार म्हणजे येणार, त्यांच्या लेखी ते मीट नाहीच.

टूरवाले या शहराला एक दुपार देतात, ते चूक आहे. दोन पूर्ण दिवस ठेवा. पहिल्या सकाळी पोस्ट ऑफिस आणि अफूचा कारखाना, मग पॅलेस, आणि म्युझियम त्याच दुपारी, पण त्यानंतर दुसरं काही ठेवू नका, जमणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर कू ची, त्यातही गर्दी नको असेल तर बेन डुओक हा लांबचा भाग, आणि परत येऊन चोलोन. ४६१ मीटर उंच लँडमार्क ८१ या टॉवरचं तिकीट काढून वर जायचं की नाही हे पैशावर ठरवा, नाही गेलात तरी चालेल. मे ते नोव्हेंबर पाऊस असतो, दुपारी धो-धो तासभर पडतो आणि थांबतो, तेवढ्यासाठी प्लॅन बदलायची गरज नाही. छत्रीपेक्षा रेनकोट न्या.